सहा धुराड्यांच्या बंगल्यात तू कसा गेलास

दिन्या, तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून भटजी मागे सरकतात न सरकतात तोच एक आला, त्याच्यामागून दुसरा आला, आणि दोघांनी मिळून भात फस्त केला. लोक चपला शोधायला लागले. ‘काय बी इच्छा राहिली नव्हती बिचाऱ्याची,’ असं आपला चुलता म्हणाला. मला असा संताप आला म्हणतोस! हातातला तांब्या मी त्या कावळ्यांवर भिरकावला. तांब्या नदीत गेला तो गेलाच. इच्छा राहिली नव्हती? तुझी? अरे, तुला आमटीत चिंच जास्त झाली तरी तासभर भांडायचं असायचं. मला वाटलं होतं, तू अडून बसशील. भर उन्हात सगळ्यांना ताटकळत ठेवशील, आणि शेवटी मला पुढे होऊन चारचौघांत तोंड उघडावं लागेल. तू तसं काहीच केलं नाहीस. गपचूप खाऊन निघून गेलास.

मी तोंड उघडून काय बोलायला हवं होतं, ते आधीच सांगते. खालापूरच्या पोलिसांनी विचारलं तेव्हा मी जबाब दिला की माझा भाऊ पाय घसरून खड्ड्यात पडला. खाली सही केली. तू घसरला नव्हतास. तुला ढकललं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हाताला तांदळाचं पीठ होतं, आणि तुझ्या छातीवर पडलेले दोन हात मी या डोळ्यांनी पाहिले.

तुला मी दिवसातून वीस वेळा ‘मेल्या’ म्हणायचे. मेल्या, पाय पुसून ये. मेल्या, चहा निवतोय. आपल्याकडे बायकांच्या तोंडात तो शब्द असतोच, त्याने कुणी मरत नाही. आता तो जिभेवर आला की मी तोंडावर हात दाबते. परवा दुधात तोंड घालणाऱ्या मांजराला म्हणाले आणि तिथेच भिंतीला टेकून बसले. दूध मांजराने सगळं संपवलं.

बंगल्याची गोष्ट सांगावी तर तूच. मला तसं येत नाही. शनिवारी संध्याकाळी बंगल्यावर पैसे भरून उतरलेली मुंबईची पाहुणे मंडळी चहाचे कप घेऊन दिवाणखान्यात बसली की तू त्या मोठ्या धुराड्यासमोर उभा राहायचास, केसांना पाणी लावून, आणि सुरू व्हायचास. विलायतेत एका जमीनदाराचं गावाबाहेर मोठं घर होतं. बाप मेल्यावर ते त्यांच्या रीतीप्रमाणे एकट्या थोरल्याला मिळालं. धाकटा हात हलवत इकडे आला, घाटात रेल्वेची कंत्राटं घेऊन गब्बर झाला, आणि बापाचं होतं तस्सं घर त्याने आपल्या डोंगराच्या पायथ्याशी बांधलं. ‘रागाने बांधलं,’ असं तू म्हणायचास आणि क्षणभर थांबायचास. उंच उंच खिडक्या, काळ्या पाट्यांचं छप्पर, गुलाबांचे वाफे, सहा धुराडी. आमच्याकडे वैशाखात कोंबड्या चोच उघडी टाकून सावलीला पडतात आणि या बाबाने घराला सहा धुराडी काढली! पाहुणे हसायचे. मग तू त्या साहेबाच्या मडमेची गोष्ट सांगायचास, ती कशी गुलाबांशी बोलायची वगैरे. तुझ्या पदरचीच होती ती गोष्ट. मी आत भजी तळता तळता ऐकायचे आणि म्हणायचे, काय थापाड्या आहे हा!

साजगावच्या कारखान्यातली कायमची नोकरी सोडून तू बंगल्यावर गाईड झालास, तेव्हा मी तीन दिवस तुझं डोकं खाल्लं होतं. तू म्हणालास, ‘बाय, चार पिढ्या आपण या घराची उष्टी काढली. आता निदान त्याची गोष्ट तरी आपल्या तोंडून होऊ दे.’ लग्न केलं नाहीस. बंगल्याशीच लागलं होतं तुझं. नवरा गेल्यावर मी कडावहून परत आले, ती बंगल्यामागच्या आपल्या दोन खोल्यांतच. एकीत तू, एकीत मी. सकाळी बंगल्याच्या स्वयंपाकघरात मी आणि दिवाणखान्यात तू, असं आपलं चाललं होतं.

पण त्या घरात मार खाल्ल्याशिवाय कुणी राहिलं नाही, हे तू पाहुण्यांना सांगत नव्हतास. साहेबाचा चाबूक जिन्याखाली काचेच्या पेटीत ठेवलाय, त्याचे फोटो काढायचे लोक. साहेब तापाने मेला. त्याच्यानंतर मुंबईच्या एका शेटने बंगला घेतला. त्याला शिकारीचा नाद. हाका घालायला वाडीवरची ठाकर माणसं न्यायचा. एकदा एकाच्या मांडीत छर्रे घुसले. त्याला बांबूला बांधून डोंगरावरून खाली आणला, आणि तो पायरीवर विव्हळत पडलेला असताना शेटने आधी मेलेल्या बिबट्यावर पाय ठेवून फोटो काढून घेतला. आपला आजा तेव्हा शेजारी कंदील धरून उभा होता. तो फोटो अजून जेवणघरात आहे. आजा त्यात दिसत नाही, नुसता कंदील दिसतो.

तिसरा सिनेमावाला. त्याच्या वेळी आपण लहान. भुतांचे सिनेमे काढायचा. पडद्यावर लाल रंग सांडायचा, पण दिवाणखान्याचा सागवानी जिना मात्र खऱ्या कुऱ्हाडीने फोडला त्याने. एकदा पार्टीत सोड्याच्या बाटल्यांचं खोकं आबांच्या हातून पडलं, तर त्याने आपल्या दोघांसमोर आबांच्या थोबाडीत मारली. आबा म्हणाले, ‘चुकलं मालक.’ तू धावत जाऊन त्या माणसाच्या मनगटाला चावलास. सोडवायला दोन माणसं लागली. मग आबांनी तुला गोठ्यात नेऊन पट्ट्याने फोडला, आणि दुसऱ्या दिवशी तू माझी वेणी धरून मला बडवलंस. मीही सोडलं नाही तुला, तुझ्या पायावर पाटा टाकला. अंगठ्याचं नख तुझं तेव्हापासून वाकडं.

खरी भानगड झाली ती राखणीवरून. भात झोडून झालं की बंगल्यामागच्या उभ्या दगडाला आपण राखण द्यायचो. गावोगाव देतात तशीच, जागेच्या राखणदाराला वर्षातून एकदा कोंबडा आणि नारळ. पण आपला राखणदार पडला गोरा! आजी सांगायची, साहेबाचा जीव त्या दगडात अडकलाय, तो फार रागीट आहे, त्याला गावठी चालत नाही. म्हणून कोंबड्याबरोबर आपण विलायती दारूचा पेला ठेवायचो आणि उदबत्तीच्या जागी सिगारेट पेटवायचो. आबांनी केलं, आज्याने केलं, तू केलंस. मी स्वतः त्या दगडासमोर पदर पसरून म्हटलंय, साहेब, आमच्या चुलीवर लक्ष ठेव.

दोन वर्षांमागे दिवाळीचा फराळ द्यायला तू वर वाडीवर सोमी आजीकडे गेलास. म्हातारी करंजी मोडता मोडता तुला म्हणाली, ‘यंदा बी पाजनार का रं आमच्या कमळूला ती इंग्रजी दारू? जल्मात शिवला नव्हता तो तिला.’ आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. तू खाली आलास तो पांढराफटक पडलेला. मी विचारलं, साप दिसला का रं? तू म्हणालास, ‘बाय, तो दगड साहेबाचा नाय. साहेबाने मारला त्याचा हाय.’

कमळू वाडीवरचा. मोहोळ उतरवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. नाताळात साहेबाकडे पाहुणे यायचे होते. दिवाणखान्यात विलायतेसारखा जाळ हवा, आणि नेमकं मोठ्या धुराड्याच्या तोंडाशी आग्या मोहोळ बसलेलं. कमळू म्हणाला, सांज होऊ दे, माश्या बसू दे, मग मी माझ्या रीतीने धूर देऊन काढतो. साहेबाला दुपारी हवं होतं. चाबूक उगारून त्याने कमळूला छपरावर चढवला. तो वर पोचला आणि इकडे साहेब आपल्या पणज्याला म्हणाला, पेटव. पणजा बंगल्याचा रखवालदार. कमळू वर आहे हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याने पेटवलं. मोहोळ उठलं. कमळू आंधळ्यासारखा चाचपडत शिडीवर आला, निम्मा उतरला, आणि माश्या त्याच्याबरोबर खाली येताहेत हे बघून साहेब खिडकीआडून ओरडला, शिडी काढ. पणज्याने अंगावर घोंगडी घेतली, बाहेर गेला आणि शिडी ओढली.

फौजदार आला तेव्हा पणज्याने सांगितलं, पाय घसरून पडला. त्यावर बंगल्यामागच्या दोन खोल्या त्याला पिढीजात राहायला मिळाल्या. पुढे साहेब मेला, गुरं पटापट मरायला लागली, तेव्हा पणजा घाबरून त्या दगडाला कोंबडा द्यायला लागला. कुणाचा दगड, असं पोरांनी विचारलं तर काय सांगणार? म्हणाला, साहेबाचा. झालं. मेलेल्याच्या जागी आपण मारणाऱ्याला पुजत बसलो, इतकी वर्षं, सिगारेट पेटवून.

मी तेव्हा तुला काय म्हणाले ते मला पाठ आहे. म्हणाले, ठाकरांच्या गप्पा त्या. म्हातारीला दिवसा चांदण्या दिसतात. तू म्हणालास, ‘मग पणज्याला खोल्या कशाला दिल्या साहेबाने? पुजेला?’ मी म्हणाले, मेलेल्या माणसाला कशाला नागवा करतोस? त्याने केलं म्हणून आपण छपराखाली आहोत. तू म्हणालास, ‘या खोल्यांत झोप येते तुला?’ मी म्हणाले, ‘येते! पाठ टेकली की घोरते मी!’ ते मात्र खरं होतं. तेव्हा येत होती.

मग तू शनिवारी खरी गोष्ट सांगायला लागलास. मडम गेली, गुलाब गेले. धुराड्यात बोट दाखवून सांगायचास, ‘इथं जाळ केला. माझ्या पणज्याने केला.’ पाहुण्यांचे कप तसेच हातात राहायचे. एक बाई रडली. एकाने मॅनेजरकडे तक्रार केली, आम्ही इथे मजा करायला येतो म्हणून. बंगला आता बिल्डरचा, मॅनेजर त्याचा माणूस. त्याने तुला दोनदा समजावलं आणि तिसऱ्यांदा काढून टाकलं. मी तुझ्यावरच ओरडले. मला वाटत होतं, आता खोल्या जाणार. माझं वय काय, गुडघे काय, मी कुठे जाऊ? हे मी तुला नीट सांगितलं असतं तर तू ऐकलंही असतंस. पण नीट सांगणं आपल्या घरात कुणाला आलंय?

गेल्या कार्तिकातली राखण. पाहुणे मोबाईल घेऊन जमलेले, मॅनेजर खुर्ची टाकून बसलेला, मी मागच्या अंगणात चूल फुंकत होते. तू आलास नाचणीची भाकरी आणि मधाची वाटी घेऊन. दारूचा पेला लाथेने उडवलास, सिगारेट चिरडलीस, आणि दगडासमोर गुडघे टेकून मोठ्याने म्हणालास, ‘कमळूबाबा, आमच्या मान्साने तुला मारला. आमचं चुकलं.’ सगळ्यांसमोर. माझ्या हातात लोखंडी फुंकणी होती. कधी उठले, कधी मारली, मला कळलं नाही. तुझी डावी भुवई फाटली. रक्त दगडावर उडालं. चार टाके पडले. तू हात उगारला नाहीस. तुला एक उलटी थप्पड लगावता आली नाही का रं? लहानपणी तर सोडत नव्हतास.

त्यानंतर सहा महिने आपण बोललो नाही. मी ताट झाकून तुझ्या उंबऱ्यावर ठेवायचे, तू जेवून ताट घासून माझ्या उंबऱ्यावर ठेवायचास. सुकटीची चटणी असली की ताटलीही पुसून खायचास, मला कळायचं. एकदा मी मुद्दाम मीठ घातलं नाही. म्हटलं, आता तरी ओरडत येईल. आला नाहीस. तसंच जेवलास. मी आत बसून तुला शिव्या दिल्या आणि रडले.

वैशाखात मागे पोहण्याचा तलाव खणायला घेतला. दगड मधे येत होता. दुसऱ्या बाजूला खड्डा खोल गेलेला, तळाला गटाराचा सिमेंटचा चौथरा. जेसीबी दगडाकडे वळला तसा तू जाऊन आडवा उभा राहिलास. म्हणालास, ‘हलवायचा असंल तर आधी वाडीला विचारा. ज्यांचा हाय त्यांना विचारा.’ काही मोठं मागत नव्हतास. मॅनेजर सावलीत उभा होता. तो म्हणाला, ‘हटवा रे याला.’ बाहेरून आणलेले दोन रखवालदार होते. एकाने तुझं मानगूट धरलं, ते तू सोडवलंस. त्याने तुझ्या तोंडावर ठोसा मारला. तू तोंड पुसून पुन्हा तिथेच उभा राहिलास. मग दुसऱ्याने, निळ्या सदऱ्यातल्या, दोन्ही हात छातीवर ठेवून तुला मागे लोटला. एकदा. तू तोल सावरलास. मग पुन्हा लोटला. डोकं चौथऱ्यावर आपटलं त्याचा आवाज दारापर्यंत आला.

टेंपोत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. माझ्या हाताचं पीठ तुझ्या केसांत लागून रक्तात मिसळून चिकट झालं होतं. खोपोलीच्या अलीकडे तू डोळे उघडलेस. सहा महिन्यांनी पहिल्यांदा माझ्याशी बोललास. म्हणालास, ‘बाय, गॅस बंद केलास का?’ मी म्हटलं, केला रं. केला नव्हता. तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाला होता. एवढंच आपलं शेवटचं बोलणं, आणि त्यातही मी खोटं बोलले.

दवाखान्याच्या बाकावर मॅनेजर माझ्या शेजारी येऊन बसला. आवाज अगदी मऊ. म्हणाला, ‘बाई, पोरांनी मुद्दाम नाही केलं. दिनेश घसरला, असंच म्हणायचं. तुमच्या खोल्या तुमच्याच राहतील, शब्द देतो.’ मी त्याला शिव्या घातल्या नाहीत. त्याचा गळा धरला नाही. मी मान हलवली. आणि तासाभराने जेव्हा ते वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं, पाय घसरून पडला, तेव्हा मला जराही अडखळायला झालं नाही. तूच सांग, हे रक्तातून येतं का रं? तुला का नाही आलं मग?

त्या रात्रीपासून मला झोप नव्हती. बरं झालं.

चौदाव्या दिवशी सकाळी सोमी आजी वाडीवरची पाच-सहा माणसं घेऊन खाली उतरली. एवढी म्हातारी, काठी टेकत. मागच्या अंगणात, अजून जागेवरच असलेल्या दगडाजवळ ऐसपैस बसली आणि मला म्हणाली, ‘पोरी, दिनूचा दगड घडवाया टाकायचा हाय. कमळूच्या शेजारी बसवू.’ म्हटलं, बसवा आजी, तुमच्यासाठीच तो... पण म्हातारीने हात वर केला. ‘तसा नाय बसत. आमच्यात तापानं मेला, साप चावला, घसरून पडला, त्याला दगड नाय. मान्साने मान्साला मारला, तर दगड. आनि ज्यानं बघितलं त्यानं म्होरं उभं राहून सांगाया लागतं. कोन बघत व्हतं?’

मॅनेजर व्हरांड्यात फोनवर बोलत होता. फोन कानालाच होता, पण बोलणं थांबलं त्याचं.

मी काय केलं सांगू? मी फाटे फोडले. म्हटलं, ‘आजी, कमळूला मारला तेव्हा कुणी येऊन सांगितलं होतं? आमच्या पणज्याने तर नसेल सांगितलं.’ मला वाटलं, म्हातारी अडेल. ती म्हणाली, ‘तुझ्या पणजीनं.’

पोटुशी होती म्हणे. फौजदार गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी पाणी भरायचं निमित्त करून निघाली आणि हंडा घेऊन थेट वाडीवर गेली. कमळूच्या बायकोसमोर उभी राहिली आणि म्हणाली, माझ्या नवऱ्याने जाळ केला, माझ्या नवऱ्याने शिडी काढली, मी बघितलं. तिच्या त्या सांगण्यावरून तो दगड बसला. ‘नवऱ्याला कळलं,’ सोमी आजी म्हणाली. ‘हात मोडला त्यानं तिचा, कोपरातून. माझ्या आजीनं बघितलं व्हतं, जल्मभर डाव्या हातानं पानी काढायची ती.’

दिन्या, तुला हे म्हातारीने सांगितलं होतं का? सांगितलं असतं तर तू शनिवारी तेच आधी सांगितलं असतंस, मला माहीत आहे. तुला ठाऊक नव्हतं. तू पणज्यासाठी माफी मागत मेलास आणि आपल्या घरात एक बाई आधीच जाऊन बोलून आली होती. तिचं नावही आपल्याला कुणी सांगितलं नाही. मला तुला हाक मारून सांगावंसं वाटलं. मी वळलेसुद्धा तुझ्या दाराकडे.

मग मी उभी राहिले. गुडघे कुरकुरले. म्हटलं, ‘मी बघितलं. दिनेश माझा धाकटा भाऊ. त्याला मानगुटीला धरला, तोंडावर मारला, आणि निळ्या सदऱ्यावाल्याने छातीवर दोन हात ठेवून दोनदा ढकलला. हा मॅनेजर म्हणाला, हटवा रे याला. तो घसरला नाही. त्याला मारला. आणि मी पोलिसांना खोटं सांगितलं.’ एवढं बोलायला किती वेळ लागला? डाळीला फोडणी द्यायला लागतो तेवढा. त्यासाठी मी चौदा दिवस मेले होते.

मॅनेजर धावत आला. ‘बाई, शुद्धीवर आहात का? खोलीचं काय ठरलं होतं आपलं?’ माझा हात उठला. खोटं कशाला सांगू, चांगला खांद्यापर्यंत उठला होता, आणि माझा हात कसा बसतो हे तुझ्याइतकं कुणाला माहीत! सोमी आजीने खालूनच माझं लुगडं ओढलं. म्हणाली, ‘सांगून झालंय नव्हं तुझं? मग आता त्याला मारून काय करतंस. चल, निघ.’ मी हात खाली घेतला. जन्मात पहिल्यांदा.

खालापूरला गेले. वाडीवरचे दोघं सोबत होते, ते बाहेर बसले. पोलीस साहेबांनी जुना कागद काढला, माझी सही दाखवली. ‘बाई, तेव्हा तुम्हीच म्हणालात, पाय घसरला. आता म्हणता ढकलला. मग आधी खोटं सांगितलंत?’

म्हटलं, ‘हो. लिहा.’

‘का सांगितलंत खोटं?’

‘छपरासाठी.’

त्यांनी वर पाहिलं. म्हणाले, ‘हे असं लिहिलं तर तुमच्यावरही येईल. आणि कोर्टात त्यांचा वकील तुम्हाला सोलून काढेल. भावाला मारणाऱ्यांच्या बाजूने बोललेली बहीण, असं म्हणेल. तेवढं गाळू का? घाबरून बोललात, असं लिहितो.’

माणूस वाईट नव्हता रे. मला वाचवत होता. आपल्या घराण्याला असंच कुणीतरी नेहमी वाचवत आलंय.

‘गाळू नका,’ मी म्हटलं. ‘तसंच लिहा.’

त्यांनी लिहिलं, मोठ्याने वाचून दाखवलं. मॅनेजरचं नाव, त्या दोघांची नावं, आणि चौथं माझं. मी सही केली. परत येईपर्यंत माझी भांडी, गादी, तुझी पुस्तकं अंगणात आणून टाकलेली होती, आणि दोन्ही दारांना नवी कुलुपं. सोमी आजीने वाडीवर नेलं. चार दिवस झाले, मी इथेच आहे.

काल झोप लागली, दिन्या. घोरत होते म्हणे.